भुतं, राक्षस अन् पिक्चर: गावागावातून येणारे प्रश्न एकाच जागी

मी वऱ्हाडातल्या अन् पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या भुताखेताच्या गोष्टी गोळा करतो, जुने हॉरर पिक्चर पण आवडीनं पाहतो, त्यामुळं लोकं सतत विचारत राहतात की हे खरं काय, ते कुठून आलं. तेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून सगळे इथं लिहून ठेवले. सोपे आधी आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडं सविस्तर असंल तिथं नंबर दिला आहे, तो पाहून घ्या.

१. भाऊ, भुतंच जर खोटी तं त्यांचं जुनं रूप कोणतं अन् पिक्चरवालं कोणतं, हे काहून शोधत बसता?

भूत असतं की नसतं हा वेगळा विषय. पण भुताची गोष्ट असते, ती कोणीतरी कोणाला तरी सांगितलेली असते, तिला गाव असतं, काळ असतं, आणि ती कधी बदलली हे बऱ्याचदा सापडतं सुद्धा. मला यात सगळ्यात जास्त ओढ कशाची वाटते सांगू, की भुताचं रूप बहुतेक वेळा श्रद्धेनं ठरलं नाही, ते कामाच्या अडचणीनं ठरलं. स्टेजवरून नट गायब कसा करायचा, ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये चेहरा मेल्यासारखा कसा दिसंल, कमी पैशात राक्षस कसा उभा करायचा, असल्या गोष्टींवरून. अन् एकदा ते रूप पडद्यावर दिसलं की लोकं तेच पुरातन समजून पुढं सांगतात. यात गावातली जुनी भुतं पुसली जाऊन राहिली (प्रश्न १५), आणि दोन ठिकाणी तर जीवावर बेतणारं नुकसान होतं (प्रश्न ११ अन् १६). म्हणून शोधतो.

२. ड्रॅक्युला नावाचा राजा खरंच होता काय?

नावाचा होता, रक्त पिणारा नव्हता. पंधराव्या शतकात वालाकिया म्हणून राज्य होतं, आजच्या रोमानियात, तिथला व्लाड नावाचा राजा शत्रूंना सुळावर चढवण्यासाठी कुप्रसिद्ध होता. ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकानं १८९० मध्ये इंग्लंडच्या व्हिटबी गावी एका पुस्तकात ड्रॅक्युला हे नाव वाचलं, ते आवडलं, अन् १८९७ मध्ये त्या नावाच्या, रक्त पिणाऱ्या सरदाराची कादंबरी आली. तो स्वतः रोमानियाला कधी गेलाच नाही.

पण ड्रॅक्युलाच्या आधीचा व्हँपायर, म्हणजे रक्त पिणारं मढं, पाहिला तर तुम्हाला आश्चर्य वाटंल. सर्बियाकडच्या खेड्यांत अठराव्या शतकात ज्याची दहशत होती तो सरदार नव्हता, साधा शेतकरी होता, फुगलेला, लालबुंद तोंडाचा, कफनात गुंडाळलेला. गावात साथ आली की लोकं कबरी उकरून पाहायचे, प्रेत ताजं दिसलं की त्याच्या छातीत खुंटी ठोकायचे. प्रकार इतका वाढला की १७५५ मध्ये ऑस्ट्रियाच्या महाराणी मारिया थेरेसानं आपल्या डॉक्टरला चौकशीला लावलं अन् मग ही प्रेतं उकरायची पद्धत बंद करायचा हुकूम काढला. त्या खेडुताला उमराव बनवलं ते जॉन पोलिडोरी या डॉक्टर-लेखकानं, १८१९ च्या एका कथेत. तेव्हापासून व्हँपायर वाड्यात राहायला गेला. आपल्या हिंदी पिक्चरात भूत हवेलीत असतं, कुडाच्या घरात नसतं, त्याची एक वाट तिथून निघते असं मला वाटतं (प्रश्न ७).

३. ऊन लागलं की तो जळून जातो ना? अन् तो उभ्या कॉलरचा काळा झगा?

स्टोकरच्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसा लंडनमध्ये फिरतो. दिवसा त्याची ताकद कमी असते, इतकंच. शेवटी तो मरतो तो सुऱ्यांनी. दिसायलाही तो आधी पांढऱ्या मिशांचा म्हातारा आहे, तळहातावर केस आहेत, आणि रक्त मिळत जातं तसा तरुण होत जातो.

उन्हानं मरणं आलं १९२२ च्या नोस्फेराटू या जर्मन मूकपटातून. पिक्चरवाल्यांनी कादंबरीचे हक्क घेतले नव्हते, नावं बदलली, शेवट बदलला, सकाळच्या उन्हात त्याला विरून जाताना दाखवलं. स्टोकरच्या बायकोनं केस केली, कोर्टानं सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितलं, तरी काही वाचल्या. त्या वाचल्या म्हणून आज पोट्ट्यापोट्ट्याला माहीत आहे की व्हँपायरला ऊन चालत नाही.

कॉलरचं कारण मला फार आवडतं. १९२४ मध्ये इंग्लंडात याचं नाटक झालं, त्यात ड्रॅक्युला सगळ्यांसमोर गायब व्हायचा. नट पाठमोरा उभा राहायचा, उभ्या कॉलरीत डोकं झाकलं जायचं, इतर पात्रांनी झगा धरलेला असायचा अन् तो खालच्या झडपेतून निसटायचा. झाडीपट्टीत रात्रभर नाटक पाहणाऱ्या माणसाला हे लगेच उमगंल, स्टेजची गरज काय असते ते. पुढं १९३१ च्या पिक्चरमध्ये बेला लुगोसीनं तोच अवतार केला, पण त्याचे सुळे दिसतच नाहीत. लांब सुळे अन् लालभडक रक्त हे रंगीत पिक्चर आल्यावर, १९५८ मध्ये क्रिस्टोफर लीच्या ड्रॅक्युलापासून लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

४. फ्रँकेन्स्टाईन म्हणजे तो हिरवा, चपट्या डोक्याचा, मानेत बोल्ट असलेलाच ना?

कादंबरीत फ्रँकेन्स्टाईन हा त्याला बनवणारा तरुण आहे. बनवलेल्या जीवाला नावच नाही. मेरी शेलीनं ही कथा १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या तळ्याकाठी सुरू केली, तेव्हा ती १८ वर्षांची होती. आदल्या वर्षी इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याची धूळ आभाळात पसरून युरोपात त्या साली उन्हाळा असा आलाच नाही, सतत पाऊस, म्हणून मित्रमंडळी घरात बसून एकमेकाला भुताच्या गोष्टी रचून सांगत होती. पुस्तक १८१८ ला आलं.

तिनं लिहिलेला जीव आठ फूट उंच, पिवळट कातडीचा, लांब काळ्या केसांचा आहे. तो बोलतो, अन् फार सुंदर बोलतो. लपून राहून एका कुटुंबाकडून भाषा शिकतो, मिल्टनचं महाकाव्य वाचतो, रानातली फळं खाऊन राहतो, आणि आपल्याला बनवणाऱ्याला विचारतो की मला जन्माला घातलं तं मग टाकून काहून दिलं. १९३१ च्या पिक्चरमध्ये बोरिस कार्लॉफला मेकअपवाला जॅक पिअर्सनं चपटं डोकं दिलं, मानेला विजेच्या तारा जोडायचे खुंटे दिले, आणि पिक्चरवाल्यांनी त्याचं बोलणं काढून घेतलं. चेहऱ्याला हिरवट रंग लावला कारण काळ्यापांढऱ्या फिल्मवर तो प्रेतासारखा फिका दिसायचा. नंतर पोस्टरवर, खेळण्यांवर तो हिरवाच झाला. चपटं डोकं गेलं तरी मला चालंल, पण त्याचं बोलणं गेलं याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण सगळी कादंबरी त्या एका तक्रारीवर उभी आहे.

५. पौर्णिमेला माणसाचा लांडगा होतो अन् चांदीच्या गोळीनं मरतो, हे किती जुनं आहे?

माणूस लांडगा होतो ही समजूत युरोपात फार जुनी. पण दर पौर्णिमेला होतो, चावला की दुसऱ्याला लागण होते, चांदीनंच मरतो, हे सगळं एकत्र बांधून घट्ट केलं हॉलिवूडनं. १९४१ च्या द वुल्फ मॅन पिक्चरसाठी कर्ट सिओडमाक या लेखकानं चार ओळींचं एक कवन लिहिलं, ते लोकांना इतकं जुनं वाटलं की नंतर लोक त्यालाच सांगायचे की हे आमच्याकडचं पारंपरिक आहे. त्यात सुद्धा आधी पौर्णिमा नव्हती, शरदातला चंद्र होता. १९४३ च्या पुढच्या भागात ओळ बदलून पूर्ण चंद्र घातला.

६. झोंबी माणसं खातात, हे तरी खरं जुनं आहे काय?

नाही. झोंबी हैती या कॅरिबियन देशातला. तिथं आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांना उसाच्या मळ्यात राबवत होते, त्यांच्या मनातली सगळ्यात मोठी भीती ही होती की मेल्यावरही सुटका नाही, कोणीतरी मंत्र घालून पुन्हा उठवंल अन् फुकट राबवंल. हैतीचा झोंबी कोणाला चावत नाही, खात नाही, तो बिचारा मालकाच्या शेतात काम करतो. माणसाचं मांस खाणारी, झुंडीनं येणारी मढी आली जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या पिक्चरमधून, आणि त्या पिक्चरात त्यांना झोंबी म्हटलेलंच नाही. भीती कोणाची होती अन् कोणाची झाली पहा, आधी झोंबी होण्याची भीती होती, नंतर झोंबीची भीती झाली. ज्यांच्या वाडवडलांनी दुसऱ्याच्या वावरात सालदारकी केली त्यांना हैतीचा झोंबी जास्त कळंल.

७. रॅमसेच्या पिक्चरातला राक्षस कोणत्या पुराणातला?

कोणत्याच नाही. गावात गणपतीत, पोळ्याला वर्गणी करून व्हीसीआर आणायचे अन् रात्रभर तीन पिक्चर लावायचे, त्यात एक हटकून रॅमसेचा असायचा, त्यामुळं आमच्या वयाच्या माणसाच्या डोळ्यापुढं राक्षस म्हटलं की १९८४ च्या पुराना मंदिरमधला सामरी येतो. रॅमसे भावंडं सात, सगळं काम घरातच वाटून घेतलेलं. सुरुवात कशी झाली तर १९७० मध्ये त्यांच्या बापानं काढलेला एक पिक्चर पडला, पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात तेवढ्या सीनला लोकं उसळायचे. पोरांनी ते पाहिलं आणि ठरवलं की मग पूर्ण पिक्चरच असा काढू. १९७२ ला दो गज जमीन के नीचे आला.

त्यांनी केलं काय, तर इंग्लंड-अमेरिकेतला सांगाडा घेतला, जुनी हवेली, तळघर, शाप, आणि क्रॉसच्या जागी त्रिशूळ ठेवला. १९९० च्या बंद दरवाजाचा राक्षस तर सरळसरळ ड्रॅक्युलाच आहे. याला नुसती नक्कल म्हणून हिणवू नये असं माझं मत आहे. ठाकुराच्या घराण्याचं पाप पिढ्यांवर येतं ही गोष्ट खेड्यातल्या माणसाला परकी नव्हतीच, म्हणून तो पिक्चर इकडं चालला.

८. पांढऱ्या साडीतली, मोकळ्या केसाची बाई, हीच आपली हडळ ना?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न. इकडच्या म्हाताऱ्या बायांना विचारून पहा, आधी "हडळ कशी दिसते" असं विचारू नका, "तुमच्या लहानपणी कोणाला दिसली होती" असं विचारा (प्रश्न १७). बऱ्याच जणी सांगतात हिरवं लुगडं, हातात हिरवा चुडा, कपाळभर कुंकू, पाय उलटे. कारण ती बाळंतपणात गेलेली बाई आहे, ओटी भरलेली, आशा राहून गेलेली. ज्या काळात दवाखाना दूर होता अन् दर गावात बाळंतपणात बाया जायच्या त्या काळातलं ते दुःख आहे. विधवेचं भूत वेगळं, सवाष्णीचं वेगळं, त्यांना नावंही वेगळी, लावसट, जखीण, अळवंतीण.

पांढरी साडी आली पडद्यावरून. काळ्यापांढऱ्या फिल्मवर रात्रीच्या अंधारात पांढरं कापडच उठून दिसतं. १९४९ चा महल, १९६२ चा बीस साल बाद, १९६४ चा वो कौन थी, अंधार, दूरवरून गाणं अन् एक बाई दिसते नि नाहीशी होते. आता खरी गंमत ही की या तिन्ही पिक्चरात भूत नाहीच, शेवटी जिवंत माणसंच निघतात. म्हणजे ज्या गोष्टींत भूत नव्हतं त्यांनीच आपल्या भुताला पोशाख दिला. तोंडावर पुढून केस घेतलेली अन् वाकडीतिकडी सरपटत येणारी बाई त्याहून नवी, ती १९९८ च्या एका जपानी पिक्चरनंतर जगभर पसरली.

या अदलाबदलीत बाळंतीण गेली याचा मला राग येतो. आजीच्या हडळीकडं पाहून भीतीसोबत कीव पण यायची, पिक्चरवालीला नुसता सूड पाहिजे असतो.

९. मुंज्या पिक्चरात दाखवला तसाच असतो काय?

२०२४ चा पिक्चर कोकणात घडतो, त्यातला मुंज्या कॉम्प्युटरवर बनवलेला आहे. मूळ समजूत अशी की मुंज झालेला पण सोडमुंज (मुंजीचं ब्रह्मचर्य सोडायचा विधी) व्हायच्या आधी मेलेला पोरगा पिंपळावर राहतो. लग्नाची ओढ त्यात आधीपासूनच होती, ती पिक्चरवाल्यांनी बरोबर उचलली. जे गेलं ते असं की आपल्याकडं खूप गावांत मुंज्याला नुसतं भ्यायचं नसतं, पिंपळाखाली त्याचा शेंदूर लावलेला दगड असतो, नारळ फुटतो, त्या वावराचा तो राखणदार असतो. वेताळाचंही हेच झालं, खाली पहा.

१०. वेताळ म्हणजे झाडाला उलटा लटकणारा, पांढऱ्या केसाचा म्हातारा, बरोबर?

ते १९८५ च्या दूरदर्शन मालिकेतलं रूप, सज्जन नावाच्या नटानं केलेलं. त्याच्याही आधी चांदोबा मासिकात शंकर या चित्रकारानं विक्रमाच्या खांद्यावर लोंबणारं मढं काढलं, ते चित्र महिन्यामागं महिना लोकांनी पाहिलं. मूळ गोष्टीत, जी अकराव्या शतकातल्या कथासरित्सागरात पण आहे, वेताळ हा मढ्यात शिरलेला जीव आहे, मढं म्हणजे वेताळ नव्हे. अन् गावच्या वेशीवरचा वेताळ तर देव आहे, भुतांचा राजा, रात्री गावाभोवती फिरून राखण करणारा. त्याला मालिकेत जागा मिळाली नाही, पण दगड अजून तिथंच आहे, जाऊन पहा.

११. नागाला मारलं तर नागीण डोळ्यात फोटो ठेवून बदला घेते, आमच्या गावात तर झालं आहे, तुम्ही काय म्हणता?

सापाच्या डोळ्यात फोटो राहत नाही, त्याला सूड समजत नाही. बीनच्या सुरावर तो नाचत नाही, समोर हलणाऱ्या बीनकडं पाहून फणा हलवतो. दूध हे त्याचं अन्न नाही. इच्छाधारी नागीण लोककथेत होतीच, पण १९७६ अन् १९८६ च्या पिक्चरांनी अन् २०१५ पासूनच्या मालिकेनं ती घराघरात आणली, दर वेळी जास्त सजवून.

यात मी हळू बोलत नाही, कारण त्याच पिक्चरांत मंत्र म्हटल्यावर साप परत येऊन विष ओढून घेतो, आणि आपल्याकडं सोयाबीनच्या, धानाच्या बांधीत, कापूस वेचताना साप चावल्यावर आधी मांत्रिकाकडं नेतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार विषारी सापांवर चालणारी लस सरकारी दवाखान्यात मिळते. चावलेली जागा कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका, माणसाला हलू देऊ नका, १०८ ला फोन लावा अन् सरळ दवाखाना गाठा. मण्यार रात्री झोपेत चावते, कधी खूण सुद्धा दिसत नाही, तरीही थांबू नका. दवाखान्यात पोचेपर्यंतचा वेळ मंत्रात घालवला तर मग लस असून उपयोग नाही.

१२. रावण, दैत्य, राक्षस असे मिशावाले, लाल डोळ्यांचे कोणी ठरवले?

एका माणसानं नाही. राजा रविवर्म्यानं १८९५ मध्ये जटायूचं चित्र काढलं, त्यातला रावण एकाच डोक्याचा, मुकुट घातलेला राजा आहे. पुढं छापील चित्रं, कॅलेंडर, मग पौराणिक पिक्चर, अन् १९८७-८८ ची रामायण मालिका. अरविंद त्रिवेदींचं ते हसणं आज दसऱ्याच्या प्रत्येक पुतळ्याच्या तोंडावर आहे.

पण विदर्भात राहून हा प्रश्न विचारता तेव्हा मला सांगावंसं वाटतं की टीव्हीवरचा राक्षस अन् इथल्या मातीतला राक्षस यांचं जमत नाही. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळा गावात रावणाची दगडी मूर्ती आहे, लोक तिची पूजा करतात, दसऱ्याला जाळत नाहीत. मेळघाटात कोरकू लोक होळीनंतर मेघनाथाची जत्रा भरवतात, मोठा खांब उभारतात, नवस फेडतात. गडचिरोलीकडं गोंड समाज रावणदहनाला विरोध करतो कारण तो त्यांना आपला पूर्वज वाटतो. जो टीव्हीवर खलनायक तो इथं कुळातला.

दुसरीकडं राक्षस इथल्या जमिनीचा आकारही समजावतो. बुलडाणा जिल्ह्यात लोणारला विष्णूनं लवणासुराला मारलं म्हणतात, दैत्यसूदनाचं देऊळ त्याचंच. आता आपल्याला माहीत आहे की ते विवर काळ्या बेसॉल्ट खडकावर उल्का आदळून झालं, पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंद. चिखलदऱ्याला भीमानं कीचकाला मारून दरीत फेकलं अन् भीमकुंडात हात धुतले. गोष्ट सांगणाऱ्यांना त्या खड्ड्याकडं, त्या दरीकडं पाहून एवढं नक्की कळलं होतं की इथं काहीतरी प्रचंड घडलं असणार. असला राक्षस मालिकेत दिसत नाही, कारण त्याला नट नाही लागत, जागा लागते.

१३. मारबत राक्षसीण आहे काय? मग दरवर्षी वेगळी कशी?

मारबत म्हणजे मिरवणुकीनं नेऊन जाळायचा बाईचा मोठा पुतळा. नागपूरची काळी मारबत १८८१ पासून अन् पिवळी १८८५ पासून निघते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. कोणी काळीला पूतना मावशी म्हणतं, कोणी इंग्रजांना मिळालेल्या बांकाबाई भोसलेशी जोडतं. सोबत बडगे म्हणजे दुसरे पुतळे असतात, ते मात्र त्या त्या सालचे, महागाईचा, भ्रष्टाचाराचा, एखाद्या पुढाऱ्याचा, साथीच्या रोगाचा. खेड्यात पुतळा नसला तरी पळसाच्या फांद्या घेऊन पोट्टे ओरडत शिवेबाहेर जातात, "रोगराई घेऊन जा गे मारबत".

म्हणून कोणी म्हटलं की पिक्चर-टीव्हीनं येऊन आमचे राक्षस बदलवले, आधी ते जसेच्या तसे होते, तर त्याला मी मारबत दाखवतो. आपणच दरवर्षी राक्षस नवा करत आलो. फरक इतका की मारबतीचं तोंड कसं असावं हे वस्तीतली माणसं ठरवतात, अन् सामरीचं मुंबईत ठरलं.

१४. तुंबाडमधला हस्तर कोणत्या पुराणात आहे? आमच्या इथं एक जण सांगतो की त्याच्या आजोबाला माहीत होता.

कोणत्याच पुराणात नाही. देवीचा पहिला मुलगा, त्याची सोन्याची हाव, त्याला कोणी कधी पुजायचं नाही ही अट, हे सगळं २०१८ च्या पिक्चरसाठी रचलेलं आहे. रचलंय इतकं चांगलं की अस्सल वाटतं. हस्तर पिक्चरसोबतच आला, आजोबांच्या वेळी तो नव्हता. त्यांना बहुतेक पुरलेल्या धनावर बसणारं भूत माहीत असंल, धनाच्या हंड्यावरचा नाग माहीत असंल, त्या गोष्टी गावोगाव आहेत, अन् नातवानं त्यालाच आता हस्तर नाव दिलं. त्याच्यावर रागावू नका, १९४१ च्या कवनाचं पण हेच झालं होतं (प्रश्न ५). फक्त आजोबांची गोष्ट आजोबांच्या नावानं वेगळी लिहून ठेवा.

१५. आमच्याकडं आधी चकवा लागायचा, विहिरीत आसरा होत्या. आता कोणी नावच काढत नाही. गेल्या कुठं?

याचं उत्तर लांब आहे, अन् बाकी सगळ्या प्रश्नांपेक्षा मला हाच जवळचा वाटतो.

लोकं म्हणतात लाईट आली अन् भुतं गेली. अर्धं खरं आहे. पण लाईट आल्यावर हडळ गेली नाही, मुंज्या गेला नाही, ते उलट टीव्हीवर जाऊन बसले. गेला तो चकवा. कारण त्याला तोंडच नाही. अमावस्येच्या रात्री माणूस वावरातून घरी निघतो, ओळखीचा धुरा (बांध), ओळखीचं बाभळीचं झाड, तरी रात्रभर एकाच तुरीच्या वावरात फिरत राहतो, उजाडल्यावर पाहतो तं घर हाकेच्या अंतरावर. याचा पिक्चर कसा काढायचा, मेकअप कोणाला करायचा? जे दाखवता येत नाही ते पडद्यावर येत नाही, अन् जे पडद्यावर येत नाही ते आताची पोट्टे सांगत नाहीत.

चकव्यात तथ्यही होतं. जर्मनीतल्या जंगलात अन् सहाराच्या वाळवंटात शास्त्रज्ञांनी माणसं चालवून पाहिली, सूर्य-चंद्र झाकलेला असला, डोळ्याला दूरची खूण नसली की माणूस सरळ चालतो असं त्याला वाटतं पण तो गोल फिरत राहतो. काळ्या मातीच्या सपाट मुलखात, डोक्याएवढ्या तुरीत अन् पऱ्हाटीत, हेच होणार. म्हातारे सांगायचे की चकवा लागला की चालू नको, जागच्या जागी बस, बिडी पेटव, उजाडू दे. भुताच्या नावानं सांगितलेला सल्ला पण अगदी बरोबर, कारण अंधारात चालत राहिलं की उघड्या विहिरीत जायची भीती.

आसरांचं पण तसंच. सात बहिणी पाण्यात राहतात, त्यांना हळदकुंकू वहायचं, हिरवा चुडा वहायचा, अन् पोराला सांगायचं की भर दुपारी एकटा विहिरीवर जाऊ नको, आसरा ओढून नेतात. विहिरीला कठडा नव्हता तिथं हा कठडा होता. आता विहिरी बुजल्या, बोअर आले, पण शेततळी झाली की नाही, प्लास्टिक टाकलेली, निसरडी, त्यात पडलेल्याला वर चढता येत नाही. त्या तळ्याची कोणतीच आसरा नाही.

हरभऱ्याला अन् गव्हाला पाणी द्यायला रात्रीची लाईट असली की आजही माणूस रात्री दोन वाजता वावरात एकटा असतो. त्याला आता साप, रानडुक्कर, काही भागात वाघ, अन् मोबाईलवर पाहिलेली पांढऱ्या साडीतली बाई, एवढं भ्यायला आहे. त्या बाईची गोष्ट त्याला विहिरीपासून सावध करत नाही, रस्ता चुकला तर काय करायचं ते सांगत नाही.

१६. गावात एका बाईला सगळे चेटकीण म्हणून राहिले. मालिकेत दाखवतात तसंच ती करते म्हणतात. काय करावं?

ही गोष्ट आता भुताची राहिली नाही, हा गुन्हा आहे. मालिकेतली चेटकीण म्हणजे पडद्यामागची माणसं ठरवतात ती, मोठं कुंकू, मोकळे केस, एकटं घर. तसली एकटी राहणारी, म्हातारी, विधवा बाई प्रत्येक गावात असते अन् बोट तिच्याकडंच जातं, बऱ्याचदा मागं वावराचा वाद असतो.

महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणा विरोधी कायदा आहे. एखाद्याला करणी करणारा म्हणून बदनाम करणं, त्याचं जगणं अवघड करणं, भूत उतरवायच्या नावानं मारहाण करणं, चटके देणं, साप, विंचू, कुत्रा चावल्यावर डॉक्टरकडं जाऊ न देता मंत्रतंत्र करणं, या सगळ्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा अन् पाच ते पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. पोलीस ठाण्यात सरळ तक्रार करा. त्या बाईला एकटं सोडू नका, पोलीस पाटलाला आधी कळवा, अन् चार शहाणी माणसं घेऊन तिच्या घरी जाऊन बसा, म्हणजे गावाला दिसंल. गाडगेबाबांनी याच मुलखात रात्ररात्र कीर्तनं करून अंगारे-धुपारे अन् नवसाच्या बोकडाविरुद्ध सांगितलं, त्यांचं नाव घेतलं की गावात लोकं अजूनही ऐकतात.

कोणी विचारतात की मग भुताच्या गोष्टी सांगणं पण गुन्हा काय? नाही. गोष्ट सांगा, नाटक करा, पिक्चर पहा. जिवंत माणसाचं नाव त्यात घातलं की ती गोष्ट राहत नाही.

१७. आजीकडं लय गोष्टी आहेत, मोबाईलवर रेकॉर्ड करायच्या आहेत. कसं करू?

करा, आणि लवकर करा. आधी तिला विचारून घ्या. कोणत्याही भुताचं नाव तुम्ही आधी घेऊ नका, तुम्ही "पांढरी साडी होती काय" म्हटलं की ती हो म्हणंल, आता टीव्ही तिनं पण पाहिला आहे. कुठं दिसलं, कोणत्या महिन्यात, दिवस की रात्र, अंगावर काय होतं, कोणाला दिसलं, नंतर काय केलं, काय करायचं नाही असं सांगितलं होतं, एवढं विचारा आणि गप्प रहा. मधे दुरुस्ती करू नका. गोष्ट अर्धवट वाटली तरी अर्धवटच ठेवा, दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून पुढचं सांगते. त्यात गावातल्या कोणा मेलेल्या माणसाचं नाव आलं तर दुसऱ्याला ऐकवताना ते काढून टाका, त्यांच्या घरची माणसं आहेत.

फाईलला गाव, तालुका अन् तारीख टाका. आणि आजीचं माहेर कोणतं ते नक्की लिहा, कारण बायकांच्या गोष्टी बऱ्याचदा माहेरच्या असतात, भंडाऱ्याकडची तलावातली गोष्ट लग्न होऊन वर्ध्यात येते अन् मग आपण ती वर्ध्याच्या विहिरीची समजतो.